पक्षांच्या पलीकडची आमदारांची संघटना: अमेरिकेतल्या 'एनसीएसएल'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐन श्रावणात आपल्याकडचे आमदार अमेरिकेला एका अधिवेशनाला गेल्याच्या बातम्या २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी झळकल्या. फोटोत सत्ताधारी आणि विरोधक शेजारी शेजारी उभे होते, मागे मोठ्या अक्षरांत एनसीएसएल लिहिलेलं. "सरकारी खर्चाने सहल का?" इथपासून "आपल्याकडे असं काही का नाही?" इथपर्यंत सगळे प्रश्न तेव्हा विचारले गेले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

एनसीएसएल म्हणजे नेमकं काय?

'नॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्टेट लेजिस्लेचर्स', म्हणजे अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांची राष्ट्रीय परिषद. मुख्य कार्यालय कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला आणि दुसरं वॉशिंग्टनमध्ये. स्थापना १९७५ सालची. हा पक्ष नाही, सरकारी खातंही नाही आणि धोरण सुचवणारं अभ्यासगटांसारखं मंडळही नाही. राज्यांच्या विधिमंडळांनी स्वतःच्या सोयीसाठी, स्वतःच्या वर्गणीतून उभी केलेली ही संघटना आहे.

नावातल्या 'कॉन्फरन्स'मुळे वर्षातून एकदा भरणारा मेळावा असा समज होतो. मेळावा भरतो, पण ते वर्षातले तीन-चार दिवस. खरं काम उरलेल्या दिवसांत चालतं आणि त्याचे फोटो छापून येत नाहीत.

सभासद कोण? आमदार फॉर्म भरून होतात का?

नाही, आणि इथेच ही संस्था वेगळी पडते. सभासद आहे ते विधिमंडळ. एखाद्या राज्यात तुम्ही निवडून आलात की आपोआप सभासद. डेमोक्रॅट असा, रिपब्लिकन असा की अपक्ष, कुणी विचारत नाही. पन्नास राज्यांत मिळून ९९ सभागृहं आहेत. शंभर न होता एक कमी, कारण नेब्रास्कात १९३७ पासून एकच सभागृह आहे आणि तिथली निवडणूकही मतपत्रिकेवर पक्षाचं नाव न छापता होते. या ९९ सभागृहांत मिळून ७,३०० हून जास्त आमदार आहेत. पोर्तो रिको, ग्वाम यांसारखे प्रदेश आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हाही परिषदेत आहेत.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडच्या बातम्यांत कुठेच आली नाही: विधिमंडळांचे कर्मचारीही पूर्ण सभासद आहेत. ते पंचवीस हजारांच्या वर आहेत, आमदारांपेक्षा कितीतरी जास्त. त्याबद्दल पुढे सविस्तर.

१९७५ मध्येच का? आधी काय होतं?

आधी तीन वेगवेगळ्या संघटना होत्या. एक विधिमंडळांच्या कारभाराची, एक सभागृहांच्या नेत्यांची आणि एक साध्या आमदारांची. तीन वर्गण्या, तीन अधिवेशनं आणि वॉशिंग्टनला गेल्यावर तीन निवेदनं. तिन्ही विलीन झाल्या आणि ही एक झाली.

पण त्यामागचं कारण जुनं आहे. १९६० पर्यंत अमेरिकेतली बहुतेक राज्य विधिमंडळं म्हणजे दोन वर्षांतून काही आठवडे भरणारी, कारकून सोडले तर कुणी हाताशी नसलेली मंडळं होती. मतदारसंघांची फेररचना काही राज्यांत दशकानुदशकं झालेली नव्हती. शहरं फुगली, तरी आमदार खेड्यांकडेच. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६४ च्या दोन निकालांत हे मोडून काढलं: मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणेच आखायचे. त्यानंतरच्या निवडणुकांत नवे, शहरी, तरुण आमदार मोठ्या संख्येने आले आणि त्यांना कळेना की राज्याचा अर्थसंकल्प वाचायचा कसा. गव्हर्नरकडे, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यासारख्या माणसाकडे, सगळी खाती, सगळे आकडे आणि आमदाराकडे एक खुर्ची. कॅलिफोर्नियात विधानसभेचे अध्यक्ष जेस उन्रु यांनी पुढाकार घेतला आणि १९६६ मध्ये जनमत घेऊन तिथलं विधिमंडळ पूर्णवेळ झालं. बाकीची राज्यं आपापल्या चालीने गेली. पण आपलं विधिमंडळ गव्हर्नरच्या तोडीचं झालं पाहिजे, ही खुमखुमी सगळ्यांत होती आणि परिषद जन्माला आली ती त्या खुमखुमीतून.

सगळे राजकारणी आणि म्हणे पक्षनिरपेक्ष! हे शक्य आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि शंका रास्त आहे. सभासदांनी चांगुलपणा दाखवला म्हणून कुठलीच संस्था पक्षनिरपेक्ष राहत नाही. ती तशी राहावी म्हणून नियम घालावे लागतात, तेही वाकवायला अवघड असे. इथले तीन नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, अध्यक्षपद दरवर्षी बदलतं आणि आलटून पालटून दोन पक्षांकडे जातं. यंदा डेमोक्रॅट असेल तर पुढच्या वर्षी रिपब्लिकन. राज्याराज्यांत निवडणुकीचा निकाल काहीही लागो, हा क्रम चुकत नाही. त्यामुळे परिषद 'जिंकण्यात' कुणाला रस उरत नाही. बारा महिन्यांत ती दुसऱ्याच्या हातात जाणारच असते.

दुसरा, परिषदेने अधिकृत भूमिका घ्यायची तर ठराव सर्वसाधारण बैठकीत मांडावा लागतो आणि हजर राज्यांपैकी तीन चतुर्थांश राज्यांनी तो उचलून धरावा लागतो. मत राज्याचं, माणसाचं नाही. एका राज्याला एक मत. जवळजवळ चार कोटी लोकांचं कॅलिफोर्निया आणि सहा लाखांच्याही आतलं वायोमिंग, दोघांचं वजन सारखंच. एका पक्षाकडे तीन चतुर्थांश राज्यं असणं जवळपास अशक्य, म्हणजे दुसऱ्या पक्षाची राज्यं बरोबर घेतल्याशिवाय ठराव होतच नाही.

परिणाम काय? गर्भपात, बंदुका यांसारख्या विषयांवर कुठल्या राज्यात काय कायदा आहे याची टिपणं परिषदेकडे मिळतील, पण हे चांगलं की वाईट याबद्दल ती अवाक्षर काढणार नाही. आणि ज्यावर ती बोलते, ते जवळजवळ नेहमी एकाच जातीचं असतं: केंद्राने राज्यांच्या अधिकारात लुडबुड करू नये, आणि करायचीच असेल तर खर्च केंद्राने द्यावा. यावर टेक्सासचा कट्टर रिपब्लिकन आणि मॅसॅच्युसेट्सची डेमोक्रॅट यांचं सहज जमतं. ही नावापुरती तटस्थता नाही. सगळ्यांचा समान स्वार्थ कुठे आहे ते शोधून त्याच्यावरच घर बांधलंय.

तिसरा नियम कर्मचाऱ्यांचा.

कर्मचारी सभासद असण्यात एवढं काय विशेष?

आमदार येतात आणि जातात. अमेरिकेत तर १६ राज्यांत कायद्यानेच ठरलंय की ठराविक वर्षांनंतर घरी जायचं. आपल्याकडे सांगोल्याहून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि सभागृहाची चालतीबोलती स्मरणशक्ती झाले. या १६ राज्यांपैकी बहुतेक ठिकाणी तसा माणूस तयारच होऊ शकत नाही. आमदाराला जरा कुठे अर्थसंकल्प कळू लागतो आणि मुदत संपते.

मग सभागृहाची आठवण कुणाच्या डोक्यात राहते? मसुदा लिहिणाऱ्यांच्या, समितीचं टाचण करणाऱ्यांच्या, ग्रंथपालांच्या, कामकाज नोंदवणाऱ्यांच्या, महसुलाचा अंदाज बांधणाऱ्यांच्या. त्यातले बरेच जण कुठल्याही पक्षाचे नसतात आणि दोन्ही बाजूंच्या आमदारांना सारखीच सेवा देतात. परिषदेत त्यांच्या व्यवसायानुसार वेगळ्या संघटना आहेत. सभागृहांचे सचिव आणि लिपिक यांची तर १९४३ पासूनची, म्हणजे परिषदेपेक्षा जुनी. तशाच लेखापरीक्षण आणि कार्यक्रम मूल्यमापन करणाऱ्यांच्या, संगणकवाल्यांच्या, ग्रंथपालांच्या आणि सभागृहाची सुरक्षा सांभाळणाऱ्यांच्याही. परिषदेच्या कार्यकारिणीवर आमदारांबरोबर कर्मचारीही बसतात आणि कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र अध्यक्ष असतो.

आमच्या मते परिषदेचा खरा कणा हाच आहे. आमदारांच्या संघटना जगभर आहेत. पण विधानभवनातल्या अवर सचिवाला आमदाराच्या बरोबरीची खुर्ची देणाऱ्या फारशा सापडणार नाहीत. परिषदेचा कारभारही असाच लांब पल्ल्याचा: विल्यम पाउंड १९८७ पासून २०१९ पर्यंत कार्यकारी संचालक होते. त्या बत्तीस वर्षांत अध्यक्ष मात्र दरसाल नवा.

आमदाराला रोजच्या कामात नेमकी काय मदत होते?

न्यू हॅम्पशायरचं उदाहरण घ्या. चौदा लाख वस्तीचं राज्य, पण खालच्या सभागृहात ४०० जागा. आपल्या विधानसभेत २८८. तिथल्या आमदाराचं मानधन वर्षाला १०० डॉलर, तेही १८८९ पासून तसंच. एवढ्यात तिथे कुटुंबाचं एका वेळचं हॉटेलातलं जेवण होतं. अर्थात बहुतेकांना स्वतंत्र कार्यालय नाही, सहायक नाही. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी विमा एजंट.

समजा या आमदाराच्या मतदारसंघातले पालक म्हणाले, शाळेत मोबाइल बंद करा. आता सुरुवात कुठून करायची? तो डेन्व्हरला एक ईमेल टाकतो. तिथे शिक्षण या विषयात बसलेला माणूस त्याला कळवतो की फ्लोरिडाने २०२३ मध्ये असा कायदा केला, त्यानंतर अमुक राज्यांनी केला. कुणी फक्त तासापुरती बंदी घातली, कुणी शाळेत पाय टाकल्यापासून सुटेपर्यंत. फोन ठेवायच्या पेट्यांचा खर्च कुणी उचलला, आजारी मुलांना सवलत कशी दिली, कायद्याची भाषा कुठे आडवी आली. कायदा करा की करू नका, हे तो सांगत नाही. नेमका हाच प्रश्न विरोधी बाकावरच्या आमदाराने विचारला तरी त्याला तेच टिपण मिळतं.

राज्याच्या समितीने बोलावलं तर परिषदेचे तज्ज्ञ साक्षही देतात. विधेयकाच्या बाजूने नाही, विरोधात नाही, तटस्थ. अमेरिकेतल्या समित्यांत साक्षीदाराला हे आधीच सांगावं लागतं.

याशिवाय नव्या आमदारांची शिबिरं, सभागृह नेत्यांच्या बैठका, निवडणूक कायद्यांची आणि राज्यांत होणाऱ्या सार्वमतांची अद्ययावत यादी, मासिक, छोटी टिपणं असा नेहमीचा संसार आहे.

सभागृहात नियमावरून वाद झाला तर?

याचं उत्तर मजेशीर आहे. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये पॉल मेसन नावाचे एक अधिकारी होते. सभागृहाचं कामकाज कसं चालवावं याचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी १९३५ मध्ये तयार केलं. सूचना कधी मांडायची, तहकुबीवर चर्चा होते का, मतदान फिरवता येतं का, सगळं. पुढे ते परिषदेकडे आलं आणि आज ९९ पैकी सुमारे ७० सभागृहांत ते प्रमाण मानतात. त्याच्या नव्या आवृत्त्या सचिव आणि लिपिक मंडळी बसून काढतात. आपल्याकडे औचित्याचा मुद्दा मांडताना जुने दाखले निघतात ना, तसा तिथे मेसन निघतो.

आणि दाखल्यांची गरज कधी पडेल सांगता येत नाही. २०२४ च्या निवडणुकीत मिनेसोटाच्या खालच्या सभागृहात दोन्ही पक्षांना समसमान ६७ जागा मिळाल्या. २०२५ च्या सुरुवातीला गणपूर्तीवरूनच प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी सत्तावाटपाचा करार झाला. अशा वेळी बरोबरीत सुटलेल्या इतर सभागृहांनी पूर्वी काय केलं होतं, हे एका जागी लिहून ठेवलेलं असणं फार मोलाचं ठरतं.

परिषद तयार विधेयकं पुरवते का?

नाही. इथे अनेकांची गल्लत होते ती 'अलेक' नावाच्या वेगळ्या संस्थेशी. तीही आमदारांचीच, १९७३ ची, पण विचाराने उजवी. तिथे कंपन्यांचे प्रतिनिधी आणि आमदार मिळून नमुना विधेयकं तयार करतात आणि ती राज्याराज्यांत मांडली जातात. डाव्या बाजूलाही आता तशा संस्था आहेत. तिसरा प्रकार 'युनिफॉर्म लॉ कमिशन'चा. ती १८९२ ची, वकील आणि न्यायाधीशांची, सगळ्या राज्यांत एकसारखा व्यापारविषयक कायदा असावा म्हणून मसुदे लिहिणारी. परिषदेचं काम यांतल्या कुणाचंच नाही. दुसऱ्यांनी काय केलं ते ती दाखवते, तुम्ही काय करा ते सांगत नाही.

पण मग वॉशिंग्टनमध्ये कार्यालय कशाला? लॉबिंग करतात ना?

करतात, आणि उघड करतात. राज्यांच्या वतीने केंद्राकडे. तीन लढाया सांगतो, म्हणजे कामाची जात कळेल.

पहिली विक्रीकराची. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या विक्रेत्याचं राज्यात दुकान किंवा गोदाम नाही, त्याला त्या राज्याचा विक्रीकर गोळा करायला भाग पाडता येणार नाही. तेव्हा प्रश्न टपालाने माल विकणाऱ्यांचा होता. मग इंटरनेट आलं. गल्लीतला दुकानदार कर भरतोय आणि ऑनलाइनवाला मोकळा. राज्यांचा महसूल डोळ्यांदेखत जात होता. केंद्राचं म्हणणं, तुमचे नियम पन्नास तऱ्हेचे, व्यापाऱ्याने पाळायचे कसे? त्यावर एनसीएसएल आणि गव्हर्नरांची संघटना यांनी २००० पासून राज्यांना एका टेबलावर बसवलं. वस्तूंच्या व्याख्या, नोंदणी, परतावे सोपे आणि एकसारखे करायचा करार झाला, तो २००५ मध्ये लागू झाला. पुढे सुमारे दोन डझन राज्यं त्यात आली. शेवटी २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी १९९२ चा निकाल फिरला. साउथ डकोटाची कररचना सोपी आणि या करारातली आहे, हे त्या निकालात न्यायालयाने मुद्दाम नोंदवलं. आपल्याकडे जीएसटीसाठी घटना बदलली, परिषद नेमली. अमेरिकेत राज्यांनी आपसात अठरा वर्षं हेच काम रांगत रांगत केलं.

दुसरी ओळखपत्राची. अमेरिकेतल्या मराठी घरांत 'रिअल आयडी' हा शब्द माहीत नाही असं आता कुणी नसेल. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासाला चांदणीची खूण असलेलं लायसन्स किंवा पासपोर्टसारखं दुसरं मान्य ओळखपत्र लागतं. हा कायदा मुळात २००५ चा, आणि तो आधी २००८ मध्येच लागू व्हायचा होता. मध्ये एवढी वर्षं गेली याचं एक मोठं कारण राज्यांचा विरोध. २००६ मध्ये परिषद, गव्हर्नरांची संघटना आणि मोटार वाहन प्रशासकांची संघटना यांनी मिळून हिशेब मांडला की पाच वर्षांत राज्यांना ११ अब्ज डॉलरहून जास्त खर्च येईल. आदेश केंद्राचा, रांग राज्याच्या खिडकीवर आणि बिल राज्याच्या तिजोरीवर, हे दुखणं त्यांनी आकड्यांत मांडलं. कायदा रद्द झाला नाही, पण मुदती पुढे पुढे सरकत राहिल्या.

तिसरी अगदी ताजी. २०२५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या मोठ्या विधेयकात एक कलम होतं, की कृत्रिम बुद्धिमत्तेवर राज्यांनी दहा वर्षं कायदेच लागू करायचे नाहीत. राज्यांच्या संघटनांनी, त्यात ही परिषद आली, कडाडून विरोध केला. १ जुलै २०२५ रोजी सिनेटने ते कलम ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकलं. श्रेय एकट्या परिषदेचं नाही, पण हल्लीच्या अमेरिकेत ९९ जण एका बाजूला दिसणं हीच बातमी.

पैसा कुठून येतो? कंपन्या देतात का?

मुख्य आधार राज्यांची वर्गणी. ती विधिमंडळ आपल्या अर्थसंकल्पातून देतं. त्याशिवाय अधिवेशनाची नोंदणी फी आणि ठराविक अभ्यासासाठी केंद्राची खाती किंवा धर्मादाय संस्था देतात ती अनुदानं. आणि हो, कंपन्यांचाही पैसा येतो, परिषदेला जोडलेल्या एका फाउंडेशनमार्फत.

यावर टीका होते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. वार्षिक अधिवेशनात प्रदर्शनाचे गाळे असतात, संध्याकाळचे स्वागत समारंभ असतात आणि तिथे औषध कंपनीच्या किंवा तंबाखूवाल्याच्या माणसाला आमदाराशी बोलायला राज्याराज्यांतून फिरावं लागत नाही, सगळे एका छताखाली मिळतात. परिषदेच्या टिपणांत कंपन्यांना हात घालता येत नाही, हा बचाव खरा आहे. पण जेवणाच्या टेबलावर काय बोललं गेलं हे टिपणात येत नाही, हेही तितकंच खरं.

गव्हर्नर आणि इतर अधिकाऱ्यांसाठीही अशा संघटना आहेत का?

भरपूर. गव्हर्नरांची १९०८ ची. आणि गव्हर्नर म्हणजे आपले राजभवनातले राज्यपाल नव्हेत. तो निवडून आलेला असतो, कामाने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी थिओडोर रूझवेल्ट यांनी सगळ्या गव्हर्नरांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, त्या बैठकीतून ही संघटना निघाली. राज्यांच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट मंडळींची, म्हणजे बऱ्याच राज्यांत निवडणुका घेणाऱ्यांची, १९०४ ची. अर्थसंकल्प अधिकाऱ्यांची वेगळी, ॲटर्नी जनरलांची वेगळी. केंटकीत लेक्सिंग्टनला 'कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स' आहे, १९३३ ची. तिच्यात विधिमंडळ, गव्हर्नर आणि न्यायव्यवस्था तिन्ही अंगं येतात. राज्याराज्यांतले करार घडवून आणणं ही तिची खासियत.

शहरं आणि काउंट्यांच्या संघटना धरून मोठ्या सात संघटनांना तिथे 'बिग सेव्हन' म्हणतात. एनसीएसएल त्यातली एक.

यात मराठी माणसं कुठे आहेत का?

आहेत. कुमार बर्वे यांचं आडनावच पुरेसं आहे. १९९० मध्ये ते मेरीलँडच्या विधिमंडळावर निवडून आले, तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याही राज्य विधिमंडळात भारतीय वंशाचं कुणी प्रथमच पोचत होतं. पुढे ते तिथे बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले. नागपूरच्या स्वाती दांडेकर २००२ मध्ये आयोवातून निवडून आल्या, आधी खालच्या सभागृहात आणि मग सिनेटमध्ये. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं मिशिगनच्या विधानसभेत होते, मग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले.

तिघेही डेमोक्रॅट. परिषदेच्या लेखी मात्र तिघे निव्वळ सभासद.

आपल्याकडे असं काही आहे का?

तुकड्यातुकड्यांत आहे. पीठासीन अधिकाऱ्यांची अखिल भारतीय परिषद १९२१ पासून भरते, जानेवारी २०२४ मध्ये ती मुंबईत झाली. पण ती अध्यक्ष-सभापतींची. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग घेते. विधानमंडळात वि. स. पागे यांच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. दिल्लीची 'पीआरएस' २००५ पासून खासदार-आमदारांना विधेयकांची निःपक्ष टिपणं देते आणि ती खरोखर चांगली असतात. पण ती बाहेरची संस्था, आमदारांच्या मालकीची नव्हे.

मोठा फरक दुसरीकडेच आहे. अमेरिकेत आमदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष चिडेल, फार तर पुढच्या वेळी उमेदवारीच्या लढतीत पाडेल. त्याची आमदारकी जात नाही. आपल्याकडे १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानंतर व्हीप मोडला की अपात्रतेची टांगती तलवार. मत कसं द्यायचं हे प्रतोदाने ठरवलेलं असेल, तर बावीस राज्यांनी हाच प्रश्न कसा सोडवला याचं टिपण आमदाराने कशासाठी वाचायचं? तारांकित प्रश्नासाठी वाचेल, लक्षवेधीसाठी वाचेल, पण मतासाठी नाही. पक्षांतर बंदीची गरज होती की नव्हती हा वेगळा विषय. पण एनसीएसएलसारखं कार्यालय मुंबईत बांधलं म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यायला हवं.

अर्थात एका राज्याची कल्पना दुसऱ्याने उचलणं आपल्याला नवं नाही. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी महाराष्ट्रात कायदा झाली १९७७ मध्ये, देशभर पोचली २००५ मध्ये. अठ्ठावीस वर्षं. मधल्या काळात हे टिपण दुसऱ्या राज्यांच्या आमदारांपर्यंत नेऊन देणारं कुणी असतं तर, असा विचार मनात येतोच.

मग आपले आमदार तिकडे गेले कसे?

पुण्याच्या एमआयटी संस्थेच्या पुढाकाराने 'राष्ट्रीय विधायक संमेलन, भारत' सुरू झालं. देशभरच्या आमदारांचं पहिलं मोठं संमेलन जून २०२३ मध्ये मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झालं. याच मंचातर्फे वेगवेगळ्या पक्षांचे आमदार २०२४ मध्ये लुईव्हिलच्या आणि २०२५ मध्ये बॉस्टनच्या एनसीएसएल अधिवेशनाला गेले. बॉस्टनला गेलेल्यांची संख्या शंभराच्या पुढे होती.

सहल की अभ्यास? माणसागणिक उत्तर वेगळं. परत आलेल्या तुमच्या आमदाराला एकच गोष्ट विचारून बघा: तिथे विधिमंडळाचे कर्मचारी भेटले का, आणि त्यांच्याकडून काय कळलं? फक्त नेते भेटले असतील, तर अर्धी परिषद बघायची राहून गेली.

आमदारांच्या सुरक्षेबद्दल परिषद काही करते का?

हा प्रश्न जून २०२५ नंतर येऊ लागला. १४ जूनला मिनेसोटाच्या माजी सभागृह अध्यक्ष मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची घरात शिरून हत्या झाली, आणखी एक सिनेटर आणि त्यांची पत्नी गोळीबारात जखमी झाले. अमेरिकेतल्या बहुतेक आमदारांना पोलिस संरक्षण नसतं, आणि अनेकांच्या घरचा पत्ता सहज मिळतो. पत्ते झाकायचे का, निवडणूक निधीतून घराला कॅमेरे बसवू द्यायचे का, कुठल्या राज्याने यावर काय ठरवलं, हे एकत्र ठेवणं परिषदेच्या नेहमीच्याच कामात बसतं. सभागृहाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांची तिची वेगळी संघटना आहेच.

मी आमदार नाही. मला यातलं काही मिळेल का?

बरंच. राज्यवार कायद्यांचे तक्ते, मतदानाला ओळखपत्र कुठे लागतं, अधिवेशन कुठे किती दिवस चालतं, आमदारांचं मानधन किती, हे सगळं खुलं आहे. पत्रकार आणि विद्यार्थी ते रोज वापरतात. काही साहित्य मात्र सभासदांपुरतं राखीव आहे. अमेरिकेत राहत असाल, तर तुमच्या राज्याच्या विधिमंडळ ग्रंथालयात एक फेरी मारा. ग्रंथपाल बहुधा परिषदेतलेच असतात आणि त्यांना कुणी काही विचारायला आलं की मनापासून आनंद होतो.